स्वयंपाकघराला लाकडी जमीन शोभेल, पण सोसेल का?

सांगलीतील एका वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश : त्यांचे घर बैठे असून ते बांधून तीसेक वर्षे झाली आहेत. स्वयंपाकघर १० बाय १२ फुटांचे आहे आणि त्याला शहाबादी फरशी आहे. तिचे सांधे आता उघडले आहेत, मोरीजवळच्या काही फरश्या खचल्या आहेत, सांध्यांतून मुंग्या निघतात, म्हणून जमीन नव्याने करायचे ठरले आहे. पुण्यात इंटिरिअर डिझाइन शिकणारी मुलगी लाकडी जमीन सुचवते. बाईंनाही ती मनापासून आवडली आहे, कारण ओट्यापाशी उभे राहून त्यांच्या टाचा दुखतात आणि थंडीत फरशीचा गारठा पायांना सोसवत नाही. यजमानांना बैठकीच्या खोलीत आहे तशीच पांढरी चकचकीत टाइल हवी आहे. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. बैठकीतल्या त्या टाइलवर त्या मागे एकदा घसरल्या होत्या आणि जमिनीवर बसून भाजी निवडण्याची त्यांची सवय अजून सुटलेली नाही. २०१९ च्या महापुरात घरात दीड फूट पाणी आले होते, हेही पत्रात ओघाने आले आहे. लाकूड घ्यावे की टाइल, आणि घरात वाद न होता हे कसे ठरवावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे आणि लगेच रंगसंगतीकडे वळला आहात. पुराचे ते वाक्य मला बाजूला ठेवता येत नाही. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांवर गेली की ती धोक्याची मानतात; २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांच्या पुढे गेली होती. त्याआधी २००५ साली पूर आला होता आणि पुढे २०२१ च्या जुलैमध्येही आला. ज्या घरात एकदा पाणी शिरले आहे, त्या घराची जमीन निवडताना पुन्हा पाणी शिरेल हे धरूनच चालायला हवे. त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकते : आपल्या स्वयंपाकघरासाठी लाकूड नको. परंतु यजमानांना हवी आहे ती टाइलही नको. या दोन वाक्यांच्या मधली जागा बरीच मोठी आहे आणि आपल्या बहुतेक अडचणींचे उत्तर तिथे मिळू शकते.

पूर काही दरवर्षी येत नाही, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. म्हणून पूर घटकाभर विसरू आणि रोजच्या पाण्याकडे पाहू. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात पिण्याचे पाणी भरले जाते, कणीक मळली जाते, कुकरची शिट्टी फवारे उडवते, भांडी घासून पालथी घातली की त्यांचे पाणी निथळत राहते. पत्रात आपण मोरीचा उल्लेख केला आहे, म्हणजे तिथे जाळी आहे आणि सणासुदीच्या आधी बादलीभर पाणी ओतून, खराटा फिरवून जमीन धुण्याची घराची पद्धत असणार. ही पद्धत जुनाट म्हणून सोडून द्यावी असे मला मुळीच वाटत नाही. तेलकट फोडण्यांच्या स्वयंपाकाला धुता येणारी जमीन लागते. तेव्हा लाकूड की टाइल याच्या आधीचा प्रश्न असा आहे, की आपल्याला जमीन धुवायची आहे की फक्त पुसायची आहे? धुवायची असेल तर लाकडाचा विचार तिथेच थांबतो. पुसायची असेल तर तो पुढे नेता येतो, पण कोरड्या पिळलेल्या फडक्याने, आणि सांडलेले पाणी जिथल्या तिथे टिपूनच. हे पथ्य आपण पाळाल. सासूबाई आणि कामाच्या मावशीही ते रोज पाळतील का, हे आपणच सांगू शकाल.

लाकूड पाण्याने फुगते आणि वाळले की आकसते, ही गोष्ट कोणाला नवी नाही. पावसाळ्यात घट्ट बसणारे मागचे दार मार्च महिन्यात आपोआप मोकळे होते, ते याचमुळे. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, रुंदीत वाढते. म्हणून फळ्या शेजारी शेजारी बसवल्या की प्रत्येकीची थोडी थोडी वाढ एकत्र होते आणि भिंतीशी जागा सोडली नसेल तर जमीन मधूनच उचलली जाते. सागवान त्या मानाने शहाणे लाकूड आहे. त्यात स्वतःचे तेल असते आणि ते कमी हलते. पण आपल्याला दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हणून जे दाखवले असेल ते सागवान असण्याची शक्यता थोडी आहे. बहुधा ते लॅमिनेट असणार. लाकडाचे तंतू दाबून केलेला ८ ते १२ मिलिमीटर जाडीचा फळा, त्यावर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि वर पारदर्शक कडक थर, अशी त्याची रचना असते. वरचा थर चांगला टणक असतो, त्यावर सहज ओरखडे पडत नाहीत. नाजूक असतात ते सांधे. सिंकजवळ पाणी सांडून तसेच राहिले की ते सांध्यांतून आत जाते, फळ्याच्या कडा फुगून वर येतात, आणि वाळल्यावरही त्या पूर्ववत होत नाहीत. हाताने चाचपले तर दोन फळ्यांच्या मधोमध बारीक वरंबा लागतो. पुढे नेमक्या त्याच रेषेवर छापील कागद झिजून पांढरा पडतो. पुराच्या पाण्यात तर ही जमीन वाचत नाहीच, शिवाय तिच्याखाली शिरलेला गाळ काढण्यासाठी ती पूर्ण उखडावी लागते.

लॅमिनेट बसवण्याचीही एक अट आहे, जी स्वयंपाकघरात पाळणे अवघड जाते. ही जमीन खालच्या कोब्याला चिकटवलेली नसते. पातळ फोमवर ती मोकळी अंथरलेली असते आणि हवामानाप्रमाणे तिला एकसंध हलता यावे लागते. तिच्यावर ट्रॉल्यांची जड कपाटे उभी केली, एका बाजूला फ्रिज आणि दुसऱ्या बाजूला धान्याच्या कोठ्या ठेवल्या, की ती दोन्हीकडून दाबली जाते आणि मधले सांधे ताणून उघडतात. शिवाय सिलिंडर आहेच. भरलेला घरगुती सिलिंडर २९-३० किलोंचा भरतो आणि घाईत तो खालच्या कड्यावर फिरवत नेला जातो. अशा फिरवण्याने जी रेघ उमटते ती लॅमिनेटवरून जात नाही.

आता आपल्या टाचांविषयी, कारण लाकडाची ओढ तिथून सुरू झाली आहे असे पत्रावरून दिसते. लाकडी जमीन पायांना मऊ लागते ही समजूत जुन्या वाड्यांच्या माडीवरून आलेली आहे. साताऱ्याच्या किंवा वाईच्या जुन्या वाड्यात माडीवरच्या तक्तपोशीवर चालताना पायाखाली जमीन किंचित दबते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांच्या लक्षात राहते. पण ती लवचीकता तुळयांची असते. फळ्या तुळयांवर टेकलेल्या असतात आणि खाली मोकळी पोकळी असते. तीच फळी सिमेंटच्या कोब्यावर अंथरली की दबायला जागाच उरत नाही. खालचा दोन-तीन मिलिमीटरचा फोम पावलांचा आवाज कमी करतो, टाचेला आराम देत नाही. त्याच वाड्यांत स्वयंपाकघर सहसा खाली असे आणि त्याची जमीन सारवलेली किंवा दगडी असे, हेही ध्यानात घ्या. लाकडाची रेलचेल असलेल्या त्या घरांनीसुद्धा चुलीपाशी आणि पाण्यापाशी जमिनीला लाकूड वापरणे टाळले.

टाचांसाठी जमिनीवर मोठा खर्च करण्याआधी लहान उपाय करून पाहा. घरात वापरायची जाड, मऊ तळव्याची चप्पल घ्या आणि ती फक्त स्वयंपाकघरापुरतीच ठेवा. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरातही अशी चप्पल आता चालवून घेतात. ओट्यापाशी अर्धा-पाऊण इंच जाडीची, खालून न सरकणारी रबरी मॅट टाका, पण तिच्या कडा उतरत्या असू द्या, नाहीतर सासूबाई अडखळतील. लसूण सोलणे, पोळ्या लाटणे यांतली जी कामे बसून होतात ती बसून करा. आणि सकाळी उठल्यावर पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. त्या दुखण्यावर जमिनीचे साहित्य बदलणे हा उपचार नव्हे.

थंडीचे म्हणाल तर लाकूड आणि टाइल एकाच खोलीत एकाच तापमानाला असतात. टाइल पावलातली ऊब चटकन ओढून घेते, लाकूड सावकाश घेते, म्हणून एक गार आणि दुसरे उबदार वाटते. सांगलीत हा गारवा बोचतो तो डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि दोन्ही शेगड्या पेटलेल्या असतात, तेव्हा हाच गारवा हवाहवासा होतो. वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी चप्पल आणि सतरंजी पुरेशी आहे.

यजमानांचे म्हणणे टाइलपुरते बरोबर आहे. चकाकीपुरते मात्र ते बरोबर नाही, आणि हे आपण त्यांना घरातल्याच उदाहरणावरून सांगू शकता. सासूबाई घसरल्या त्या टाइलवरच्या पॉलिशमुळे. त्यावर पाण्याचा पातळ थर पसरला आणि त्यात तेलाचा थेंब पडला, की पाय धरायला काही राहत नाही. तीच व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल मॅट, म्हणजे चकाकी नसलेल्या फिनिशमध्ये मिळते. दुकानात घसरणीचा दर्जा विचारा. तो ‘आर’ या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात, आर ९ पासून आर १३ पर्यंत. आकडा जितका मोठा तितकी पकड जास्त. घरच्या स्वयंपाकघराला आर १० पुरतो. त्याहून खरबरीत टाइल घेतली तर पीठ आणि तेल तिच्या खळग्यांत बसते आणि पुसणाऱ्याचे हात दुखतात. विक्रेत्याच्या शब्दावर न राहता दोन-तीन नमुने घरी आणा. अंगणात ठेवून त्यांवर पाणी आणि थोडे गोडेतेल टाका आणि कठड्याला धरून अनवाणी पाय फिरवून पाहा. हे आपण किंवा यजमानांनी करावे, सासूबाईंना करायला लावू नये. मात्र कोरड्या नमुन्यावर त्यांनाही हात फिरवू द्या. ज्यांना त्या जमिनीवर बसायचे आहे त्यांचे मत विचारात घेतलेच पाहिजे.

व्हिट्रिफाइड आणि साधी सिरॅमिक यांतला फरकही पाहून घ्या. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक पिते. स्वस्त पडते म्हणून भिंतीची टाइल जमिनीला वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. आकार दोन बाय दोन फूट किंवा त्याहून लहान ठेवा. चार बाय दोनची मोठी टाइल सध्या सगळीकडे दिसते. कोरड्या बैठकीत ती छान दिसते, पण जाळीकडे उतार द्यायचा असेल तर मोठी टाइल उताराला वळत नाही, आणि पाणी मध्येच साचते.

मुलीला लाकडाचा रंग आणि रेषा आवडल्या असतील तर तशा दिसणाऱ्या लांबट टाइल्स मिळतात. आठ इंच रुंद आणि चार फूट लांब पट्ट्या असतात. हा पर्याय मी तडजोड म्हणून सुचवत नाही. मॅट असतील तर त्या चांगल्याच आहेत, फक्त बसवताना एक काळजी घ्यावी लागते. इतक्या लांब पट्टीला भट्टीतून येतानाच अगदी किंचित बाक असतो. गवंडी सवयीने विटांसारखी अर्ध्यावर अर्धी बसवतात. मग एकीचा उंच मध्य दुसरीच्या खालच्या टोकाशी येतो आणि पायाला कड लागते. पट्टी अर्ध्याऐवजी एक तृतीयांश सरकवून बसवायला सांगा. तरीही आपल्या १२० चौरस फुटांच्या खोलीत माझी पसंती साध्या, राखाडीकडे झुकणाऱ्या मातकट रंगाच्या टाइलला राहील. पांढऱ्यावर प्रत्येक थेंब दिसतो, गडद काळ्यावर पाण्याचे क्षार आणि पिठाचे ठसे दिसतात.

शहाबादीच पुन्हा का नको, असे सासूबाई विचारत असतील तर त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. कर्नाटकातल्या शहाबादची ती फरशी आणि राजस्थानातला कोटा दोन्ही पॉलिश केलेले नसतील तर ओल्या पायालाही धरून ठेवतात, दोन्ही टिकतात आणि पुराचा गाळ पाइपने धुऊन काढला की पुन्हा वापरात येतात. त्यांचा एकच दोष आहे. दोन्ही चुनखडीचे दगड आहेत, म्हणून लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडले आणि पुसायचे राहिले तर तिथे फिकट डाग कायमचा राहतो. फरशी साफ करायच्या अॅसिडनेही हेच होते. आपल्या फरश्या खचल्या त्यात दगडाचा काही दोष नाही. खालचा भराव बसला, एवढेच त्याचे कारण आहे.

आणि हाच माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा मुद्दा आहे, ज्याबद्दल आपल्या घरात अजून कोणीच बोललेले दिसत नाही. सांगलीच्या आसपासची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीस वर्षांत, आणि वर पुराचे पाणी मुरल्यावर, भराव कुठे खाली गेला असेल तर त्यावर कोणतीही जमीन टाका, ती पुन्हा खचणार. म्हणून जुन्या फरशीवरच टाइल चिकटवण्याचा स्वस्त मार्ग आपल्याला उपयोगाचा नाही. फरशी काढा, खचलेल्या जागी मुरूम टाकून पाणी मारून घट्ट ठोकून घ्या, त्यावर कोबा करा. जमीन उघडी आहे तेवढ्यात वाळवीचे औषध मारून घ्या, मोरीचा जुना पाइप बदलून घ्या आणि जाळीखालचा सांडपाण्याचा सांधा तपासा. ओटा नंतर कधी बदलायचा विचार असेल तर तो आत्ताच बदला. खालून ओल येते का हे पाहायचे असेल तर एखाद्या कोरड्या जागी दोन फूट लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. उचलल्यावर आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल आहे. ही तपासणी पावसाळ्यात करावी, उन्हाळ्यातला निकाल फसवा असतो.

इथे इतर वाचकांसाठी थोडे विषय रुंदावते. सातारा किंवा सांगलीत ज्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे, स्वयंपाकघरात जाळी नाही, जमीन फक्त पुसली जाते आणि घरात दोन-तीनच माणसे आहेत, त्यांनी लाकडाचा विचार करायला माझी हरकत नाही. त्यांनी प्लायच्या थरांवर खऱ्या लाकडाचा थर असलेली फळी घ्यावी. थरांची दिशा आलटून पालटून असल्यामुळे ती अखंड लाकडापेक्षा कमी हलते. भिंतीशी ८ ते १० मिलिमीटर जागा सोडून ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या पट्टीखाली झाकावी आणि सिंकखालच्या दोन फुटांच्या पट्ट्यात टाइलच ठेवावी. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यातल्या वाचकांना मात्र मी सावध करीन. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि महिनोन्‌महिने हवेतला दमटपणा हटत नाही. तिथे पाणी न सांडताही लाकूड फुगते. दगडाची पूड आणि पीव्हीसी मिळून केलेल्या, एसपीसी नावाच्या फळ्याही बाजारात आहेत. त्या पाण्याने फुगत नाहीत, हे खरे आहे. पण गरम तवा टेकला तर त्यांवर कायमचा डाग पडतो, आणि सांध्यांतून खाली गेलेले पाणी तिथेच कोंडून कुबट वास येतो.

लाकडाची आवड मारून टाका, असे मी म्हणत नाही. ती पाण्यापासून उचलून ठेवता येईल अशा जागी वापरा. एखाद्या ओळखीच्या सुताराकडून सागवानी पाट करून घ्या, थोडा रुंद आणि नेहमीपेक्षा दोन बोटे उंच. सासूबाईंना भाजी निवडायला तो बसायलाही सोयीचा आणि उठायलाही. भिंतीला घडी घालता येईल असे जेवणाचे लाकडी टेबल, किंवा वरच्या कपाटांची खऱ्या लाकडाची दारे, यांतून मुलीला हवी असलेली ऊब खोलीत येईल. नदीची पातळी वाढू लागली तर पाट आणि टेबल उचलून माळ्यावर टाकता येतात.

घरातला वाद मिटवण्यासाठी कोणाला तरी हरवावे लागेल, असे आपल्या पत्राच्या सुरातून जाणवते. प्रत्यक्षात प्रत्येकाची मागणी वेगळ्या गोष्टीची आहे. आपल्याला पायांना आराम हवा आहे, मुलीला खोलीचे रूप हवे आहे, यजमानांना निगराणी सोपी हवी आहे आणि सासूबाईंना पडण्याची भीती नको आहे. एका संध्याकाळी सगळ्यांना बसवा आणि लाकूड, टाइल हे शब्द न काढता एवढेच विचारा, की ही जमीन रोज कोण पुसणार आणि तिच्यावर सर्वांत जास्त वेळ कोण असणार. त्या व्यक्तींचे म्हणणे आधी ऐका. माझ्या अंदाजाने ती व्यक्ती आपण आणि सासूबाई आहात. मुलीला नकार देताना फळ्यांचा एखादा नमुना बादलीत रात्रभर बुडवून तिच्याच हातात द्या. ती याच विषयाचे शिक्षण घेते आहे, तिला पुढे व्यवसायातही ते उपयोगी पडेल. बैठक आणि स्वयंपाकघर यांची जमीन एकसारखी असलीच पाहिजे, हा आग्रहही सोडून द्या. दोन्ही खोल्यांची कामे वेगळी आहेत.

कामाला हात घालताना अंदाजपत्रक सुटे मागा : टाइल, चिकटवण्याचे साहित्य, मजुरी, स्कर्टिंग, जुन्या फरशीची तोड आणि राडारोडा उचलणे. एकूण चौरस फुटांचा एकच दर सांगितला तर शेवटच्या दोन गोष्टी हमखास वेगळ्या लावल्या जातात. मोजमापापेक्षा १० टक्के टाइल जास्त घ्या आणि वर एक पेटी जपून ठेवा, सगळ्या पेट्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना ते पाहून. खलबत्त्यातला बत्ता कधीतरी हातातून सुटतोच, आणि तीच छटा नंतर मिळत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नसल्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर ती नीट धरत नाही, तिला टाइल अॅडहेसिव्हच लावायला सांगा, आणि ते टाइलखाली सगळीकडे पसरलेले असावे, चार कोपऱ्यांत गोळे ठेवलेले नकोत. दोन दिवसांनी नाण्याने प्रत्येक टाइल ठोकून पाहा आणि जिथे पोकळ आवाज येईल ती गवंड्यासमोरच बदलून घ्या. उतार दर चार फुटांना पाव ते अर्धा इंच पुरे. स्वयंपाकघराची जमीन बैठकीपेक्षा अर्धा इंच खाली असली तर धुण्याचे पाणी बाहेर जात नाही, पण त्या जागी उभी कड ठेवू नका. ग्रॅनाइटची पट्टी तिरकी घासून बसवली तर सासूबाईंचा पाय अडणार नाही.

सांध्यांवर काटकसर करू नका. दोन ते तीन मिलिमीटरचा सांधा ठेवून त्यात इपॉक्सी ग्राउट, म्हणजे रेझिनपासून केलेले सांधे भरण्याचे मिश्रण भरा. सिमेंटचा ग्राउट तेल पितो आणि हळद तर त्याहून जास्त पितो. हळदीच्या गावात राहणाऱ्या आपल्याला हे सांगायला नको, की पिवळा डाग साबणाने घासला की तांबूस होतो. हळदीत चुना मिसळल्यावर कुंकवाचा रंग येतो, तोच हा प्रकार आहे, आणि सिमेंटच्या सांध्यात मुरलेला तो रंग घासून निघत नाही. उन्हाने हळद उडते, पण स्वयंपाकघरातल्या सांध्यापर्यंत ऊन पोहोचत नाही. इपॉक्सी महाग पडते. ते भरताना टाइलवर आलेला थर लगेच पुसावा लागतो, कारण कडक झाल्यावर तो सुटत नाही. म्हणून कारागिराने हे काम आधी केले आहे ना, हे विचारून घ्या.

हे सगळे दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे पावसाळ्यातला भराव वाळलेला असेल आणि कोब्याला पाणी मारायला पुरेसे दिवस मिळतील. कोब्यावर निदान आठवडाभर पाणी मारा आणि तो चांगला वाळल्याशिवाय टाइलला हात लावू देऊ नका. तेवढे दिवस शेगडी मागच्या पडवीत किंवा बैठकीच्या कोपऱ्यात मांडावी लागेल. सिलिंडर उभा आणि खिडकीजवळ ठेवा. ग्राउट भरल्यावर एक दिवस त्यावर कोणी चालू नये, आणि बादलीने पाणी ओतून धुण्याआधी आणखी आठवडाभर थांबावे.